प्रत्यारोपणानंतरचा त्रास : मुकाट्याने सोसू नका, पण गोळीही बंद करू नका

"डॉक्टर, आता बरं वाटतंय, म्हणून एक गोळी मीच कमी केली." किडनी प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाने असं सांगितलं की माझ्या पोटात गोळा येतो. खोदून विचारलं की खरं कारण बाहेर येतं. चेहरा गोल झालाय, लग्नकार्यात जायची लाज वाटते. हात थरथरतो, कपातला चहा सांडतो. जुलाबांमुळे एसटीचा प्रवास नको वाटतो.

"किडनी मिळाली ना, मग एवढं सोसायलाच हवं," असं घरचे म्हणतात. कधीकधी आम्ही डॉक्टरही म्हणतो. माझ्या मते हे चूक आहे. कारण अशा उत्तरानंतर रुग्ण तक्रार करणं थांबवतो आणि गुपचूप गोळी सोडतो.

गोळी का सोडायची नाही, हे समजून घ्या. 1954 मध्ये बोस्टनला पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण झालं, ते एकसारख्या जुळ्या भावांमध्ये. म्हणून शरीराने ती किडनी आपलीच मानली. तुमच्या बाबतीत तसं नाही. अगदी आईने दिलेली किडनीही तुमच्या शरीराला परकीच वाटते. औषध थांबलं की प्रतिकारशक्ती तिच्यावर हल्ला करू शकते, आणि सुरुवातीला बहुतेक वेळा काहीच दुखत नाही. फक्त रक्तातलं क्रिएटिनिन वाढतं. म्हणून "चार दिवस घेतली नाही, काही झालं नाही" यावर विश्वास ठेवू नका.

आता चांगली बातमी. बहुतेक त्रासांवर काहीतरी करता येतं.

टॅक्रोलिमस : हात थरथरणे, साखर वाढणे, केस गळणे. अनेकदा रक्तातली पातळी जास्त असते आणि डोस कमी करून फरक पडतो. ही तपासणी सकाळची गोळी घेण्यापूर्वी करायची असते. गोळी घेऊन रक्त दिलंत तर आकडा चुकीचा येतो.

मायकोफेनोलेट : जुलाब, मळमळ, पांढऱ्या पेशी कमी होणे. डोस विभागून देता येतो किंवा गोळीचा प्रकार बदलता येतो. मात्र जुलाब जंतुसंसर्गामुळेही होतात, आणि जुलाबात टॅक्रोलिमसची पातळी वाढू शकते. म्हणून लगेच कळवा. हे औषध गर्भाला घातक आहे. मूल हवं असेल तर आधीच सांगा, औषध बदलता येतं.

प्रेडनिसोलोन (स्टिरॉइड) : गोल चेहरा, भूक, साखर, रक्तदाब, हाडांची झीज. पहिल्या काही महिन्यांत डोस उतरवत नेतात, तसा चेहराही हळूहळू उतरतो. अचानक बंद केलं तर किडनीला धोका आहेच, शिवाय थकवा, उलट्या आणि रक्तदाब खूप खाली जाण्याचीही भीती असते.

घरगुती उपाय करण्याआधीही विचारा. अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन किडनीला त्रासदायक ठरतात. ग्रेपफ्रूट आणि पपनस टॅक्रोलिमसची पातळी वाढवू शकतात. "प्रतिकारशक्ती वाढवणारा" गुळवेलीचा काढा तर तुमच्यासाठी उलट्या दिशेचं औषध आहे. दुसऱ्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक, बुरशीचं किंवा टीबीचं औषध दिलं, तर सुरू करण्यापूर्वी तुमच्या प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना फोन करा. आणि ताप 100.4 फॅरनहाइटच्या वर गेला, लघवी कमी झाली किंवा किडनीच्या जागी दुखू लागलं, तर त्याच दिवशी दाखवा.

पुढच्या तपासणीला जाताना एका कागदावर लिहून न्या : कोणता त्रास, कधीपासून, कोणत्या गोळ्या चुकल्या. चुकलेल्या गोळ्याही खरंखरं लिहा. रागावण्यासाठी नाही, तर रिपोर्टमधला आकडा समजण्यासाठी आम्हाला ते लागतं.

आणि रिपोर्ट बघून डॉक्टर "सगळं छान आहे" म्हणाले, तरी लगेच उठू नका. आधी तो कागद पुढे करा. क्रिएटिनिन रिपोर्टमध्ये दिसतं, तुमची लाज आणि थरथर दिसत नाही. ती तुम्हालाच सांगावी लागेल.