गॅरंटी आणि इंडेम्निटी

‘गॅरंटी’ आणि ‘इंडेम्निटी’ हे शब्द व्यवहारात पुष्कळदा एकाच अर्थाने वापरले जातात. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्यांत मोठे अंतर आहे.

‘इंडेम्निटी’च्या मुळाशी ‘नुकसानीवाचून’ असा लॅटिन अर्थ आहे. मुदतठेवीची पावती हरवली की बँक इंडेम्निटी बाँड घेते. दुबार पावतीमुळे बँकेस तोशीस लागल्यास ती भरून देण्याचे ते लेखी वचन. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२४ नुसार येथे पक्ष दोनच.

कलम १२६ मधील ‘गॅरंटी’त पक्ष तीन : धनको, ऋणको आणि जामीनदार. पुतण्याच्या कर्जास काका जामीन राहतात, तेव्हा ‘नुसती सही तर हवी’ असे त्यांना सांगितले जाते. परंतु करारात अन्यथा ठरले नसेल, तर कलम १२८ नुसार जामीनदाराची जबाबदारी ऋणकोइतकीच असते. आधी ऋणकोकडूनच वसुली करावी, असे बंधन धनकोवर नाही. भरलेली रक्कम पुतण्याकडून मागण्याचा हक्क काकांना उरतो. पण तोवर पेढी आणि नाते दोन्ही पणाला लागलेली असतात.

म्हणून सहीपूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात : कागदावर शब्द कोणता आहे, आणि रकमेची मर्यादा लिहिली आहे काय.