पगार फलकावर येऊ द्या

पोलिसाच्या पगाराचा आकडा कानी पडला की गावात दोन तऱ्हेची माणसे बोलू लागतात. एक म्हणतात, "एवढा पगार घेऊनही यांचे हात पसरलेलेच!" दुसरी म्हणतात, "कुणाचा पगार चव्हाट्यावर मांडणे सभ्यपणाचे नव्हे." आम्हांस ही दोन्ही मते अमान्य आहेत.

बीड जिल्ह्यात हा प्रश्न केवळ पैशांचा उरलेला नाही. ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून खून करण्यात आला आणि लोकांचा रोष पोलिसांवरही उसळला. पोलीस अधीक्षक बदलले गेले. पुढे २०२५ साली पोलिसांच्या नावाच्या पट्टीवरून आडनावे काढण्यात आली. वर्दीत जात दिसू नये, हा हेतू. हेतू उत्तमच. परंतु आडनाव झाकून जो विश्वास मिळवावयाचा, तो हिशोब उघडा केल्याने अधिक मिळेल असे आम्हांस वाटते.

यासाठी नवा कायदा नको. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ सांगते की, सार्वजनिक कार्यालयाने आपल्या प्रत्येक अधिकाऱ्याचे व कर्मचाऱ्याचे मासिक वेतन कुणी न मागता प्रसिद्ध करावे. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली झालेल्या कायद्याने याच कायद्यातील खासगी माहितीचे कलम बदलले व नोव्हेंबर २०२५ मध्ये तो बदल अमलात आला. 'खासगी' म्हणून अर्ज फेटाळणे त्यामुळे सोपे झाले, हे खरे. पण कलम ४ मधील वेतनाची तरतूद जागच्या जागी आहे. पोलिसाच्या घरचा पत्ता, त्याचे आजारपण, त्याच्या कर्जाचे हप्ते ही त्याची खासगी बाब. सरकारी तिजोरीतून दिलेला पगार खासगी कसा?

मात्र यादी द्यावयाची तर ती शिपायापासून महासंचालकापर्यंत द्यावी. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात १९९६ च्या कायद्यानुसार वर्षाला एक लाख डॉलर वा अधिक मिळविणाऱ्या सरकारी नोकरांची नावे दरवर्षी जाहीर होतात आणि त्यांत पोलीसही मोठ्या संख्येने असतात. अशा यादीत केवळ वरचे आकडे दिसतात, खालचे दिसत नाहीत. आपल्याकडे सातव्या वेतन आयोगानुसार शिपायाचे मूळ वेतन २१,७०० रुपयांपासून सुरू होते, उपनिरीक्षकाचे ३८,६०० पासून, तर राज्याच्या पोलीस महासंचालकाचे २,२५,००० रुपये असते. दहा पटींहून अधिक असलेले हे अंतर लोकांनी पाहिले पाहिजे. त्याच फलकावर ड्यूटीचे तास आणि बुडालेल्या साप्ताहिक सुट्ट्याही लिहाव्यात. म्हणजे बंदोबस्तात रात्रभर उभ्या राहणाऱ्या शिपायाला 'गलेलठ्ठ पगारवाला' म्हणताना जीभ अडखळेल.

या शिपायाची बाजू मांडणार तरी कोण? ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईच्या पोलीस शिपायांनी बंड केले, तेव्हा सरकारने ते मोडले आणि त्यांची संघटनाही मोडीत काढली. ज्याला संघटना नाही, त्याची बाजू उघडे आकडेच मांडू शकतात. प्रामाणिक पोलिसाला या फलकाचे भय नाही. भय आहे ते ज्याच्या बंगल्याचा त्याच्या पगाराशी मेळ बसत नाही त्याला. शेजाऱ्यांना पगार ठाऊक झाला की ते बेरीज-वजाबाकी करू लागतात, हे त्याला पक्के माहीत आहे.

संत लूककृत शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात शिपाई योहान बाप्तिस्ताकडे मार्गदर्शन मागतात. तो त्यांना नोकरी सोडावयास सांगत नाही. धाक दाखवून लुबाडण्यास मनाई करतो आणि मिळकतीत समाधानी राहावयास सांगतो. ज्या पगारात भागत नाही, त्यात समाधान मानण्याचा उपदेश पोकळ ठरतो. म्हणून पगार पुरेसा हवा, आणि तो पुरेसा आहे की नाही हे ठरविण्यासाठी लोकांस ठाऊक हवा.

वाचकहो, हे बोट आमच्याकडेही वळते. श्रद्धावंतांनी दिलेल्या दानाचा हिशोब त्यांना द्यावा, असे चर्चच्या कायदेसंहितेचे कलम १२८७ आम्हां धर्मगुरूंस बजावते. तेव्हा आपल्या धर्मग्रामाचा जमाखर्च आधी चर्चच्या दाराशी लागू द्या. तो नसेल तर आम्हांस विचारा. आणि मग पोलीस ठाण्यात जाऊन, आवाज न चढवता, वेतनाचा फलक कोठे आहे असे तेथेही विचारा.