शब्दांवाचून १९७४

चळवळीत काम करणारा माणूस कलाकृतीपुढे उभा राहिला की त्याला पहिला प्रश्न सुचतो तो हा की, ही कोणाच्या बाजूची? प्रश्न गैर नाही. परंतु तो घाईने विचारला की उत्तरही घाईचेच मिळते. ब्राझीलमधील 'ओ तेर्सु' या गटाची १९७५ साली निघालेली 'क्रिआतुरास दा नोइते', म्हणजे 'रात्रीचे जीव', ही ध्वनिमुद्रिका या दृष्टीने तपासून पाहण्याजोगी आहे.

प्रथम तो काळ ध्यानात घेतला पाहिजे. १९६४ साली ब्राझीलमध्ये लष्कराने सत्ता बळकावली. डिसेंबर १९६८ च्या पाचव्या वटहुकमाने संसदेला टाळे लावले आणि राजकीय कैद्यांचा न्यायालयात दाद मागण्याचा हक्क काढून घेतला. पुढील पाच वर्षे आर्थिक 'चमत्कारा'चे ढोल वाजत राहिले. त्या चमत्काराची फळे कोणाच्या पदरात पडली, हे तेथील कामगाराला कोणी सांगावे लागत नव्हते. गीताचा शब्दन् शब्द सेन्सॉरच्या नजरेखालून जात होता. 'ओ एस्तादो दे साव पावलो' हे दैनिक तर कापलेल्या बातम्यांच्या जागी सोळाव्या शतकातील कवी कामोइंश याच्या ओळी छापीत असे. वाचकांनी काय ओळखायचे ते ओळखले.

अशा वातावरणात हे चार तरुण वादक प्रोग्रेसिव्ह रॉककडे वळले. तीन मिनिटांच्या गाण्याची चौकट मोडून, पाश्चात्त्य अभिजात संगीताप्रमाणे दीर्घ आणि अनेक भागांची रचना बांधावयाची, ही इंग्लंडमध्ये १९७० च्या सुमारास बहरलेली रीत. महागडी वाद्ये आणि एकट्याने मिरविलेले कसब हे तिचे दोन जुने दोष. यांपैकी दुसरा दोष 'ओ तेर्सु'ने बऱ्याच अंशी टाळला आहे. सेर्जियो हिंड्सची गिटार, फ्लाव्हियो व्हेन्तुरीनीचा कीबोर्ड, सेर्जियो माग्रावचा बेस आणि लुइस मोरेनोचे ड्रम एकमेकांना जागा देत वाजतात. मिळून गायिलेल्या स्वरांत व्हेन्तुरीनीच्या मिनास जेराइस प्रांताचा मृदू गोडवा उतरला आहे. 'केइमादा', म्हणजे जाळलेले रान, या गीतात विजेच्या वाद्यांचा गजर मागे सरतो आणि ब्राझीलच्या मातीचा सूर ऐकू येतो. शीर्षकगीताला रोजेरियो दुप्रात यांनी वाद्यमेळाची जोड दिली आहे. १९६८ च्या आसपास 'त्रोपिकालिया' या बंडखोर संगीतप्रवाहाच्या रचना ज्यांनी सजविल्या तेच हे दुप्रात. येथे मात्र त्यांचे काम संयत आहे.

उणिवाही तितक्याच स्पष्ट आहेत. आरंभीच्या 'हे आमिगो'मध्ये इंग्रजी रॉकचा साचा जसाच्या तसा उचललेला आहे. गटाने या ध्वनिमुद्रिकेची इंग्रजी शब्दांतील आवृत्तीही तयार केली, यावरून नजर कोठे लागली होती ते कळते. परंतु खरी उणीव निराळीच आहे. घोषणा नाहीत ही तक्रार नव्हे; त्या काळी घोषणा देणाऱ्याची जागा तुरुंगात होती. उणीव ही की, जेथे शब्द आहेत तेथेही ते फारसा भार उचलीत नाहीत. १९७३ साली मिल्तन नासिमेंतो यांच्या 'मिलाग्रे दोस पेइशेस' या ध्वनिमुद्रिकेतील काही गीतांचे शब्द सेन्सॉरने कापले, तेव्हा त्यांनी ती गीते नुसत्या स्वरांनी गायिली. जखम झाकली नाही, ऐकवली. 'रात्रीच्या जीवां'ची शब्दकळा त्या पंक्तीला बसत नाही.

आणि तरीही अखेरची बारा मिनिटे सगळा हिशेब पुन्हा मांडावयास लावतात. त्या रचनेचे नाव केवळ '१९७४'. तिला शब्द नाहीत. संथ आणि वेगवान भाग एकमेकांत शिरतात, कीबोर्ड आणि गिटार आळीपाळीने पुढे येतात. त्या वर्षीच्या मार्चमध्ये जनरल गाइझेल यांनी सूत्रे हाती घेऊन 'सावकाश' मोकळीक देऊ केली आणि नोव्हेंबरमध्ये जनतेने सिनेटच्या २२ पैकी १६ जागा विरोधी पक्षाला देऊन आपले मत नोंदविले. वादकांच्या मनात हेच होते, असा दावा करण्याचे कारण नाही. परंतु भय आणि आशा एकत्र नांदत असलेल्या त्या वर्षाचे नाव घेऊन ही रचना ऐकणाऱ्यापुढे आली, आणि ऐकणारे १९७५ च्या ब्राझीलमध्ये राहत होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पत्रकार व्लादिमिर हेर्झोग यांचा साव पावलो येथे लष्करी कोठडीत छळ करून खून झाला आणि त्यांच्यासाठीच्या प्रार्थनेला हजारो माणसे कॅथीड्रलमध्ये जमली.

म्हणून या ध्वनिमुद्रिकेला प्रतिकाराच्या कलेत मानाचे पान देणे अतिशयोक्तीचे होईल आणि पलायनवाद म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे. कलेतील प्रत्येक मौन म्हणजे शरणागती नव्हे. तसेच प्रत्येक मौन म्हणजे निषेधही नव्हे. त्यांतील भेद ओळखण्यासाठी कान द्यावा लागतो. कार्यकर्त्याने तेवढी सवड काढली पाहिजे.