डबीमागची बारीक अक्षरे

पित्त झाले की सूतशेखर, कणकण आली की त्रिभुवनकीर्ती, वजन वाढले की आरोग्यवर्धिनी. ही नावे आपल्याकडे वैद्याला न विचारता थेट मेडिकलच्या काउंटरवर सांगितली जातात आणि दुकानदारही डबी पुढे सरकवतो. ‘आयुर्वेदिक आहे, अपाय कसला?’ हे वाक्य वर फुकट मिळते. माझी विनंती एवढीच, की डबी उघडण्याआधी ती उलटी करून मागचे घटक वाचा. चष्मा लागत असेल तर चष्मा लावून वाचा, कारण अक्षरे बारीक असतात.

लघुसूतशेखर आणि सूतशेखर हीच जोडी घ्या. लघुसूतशेखरात सोनकाव आणि सुंठ, विड्याच्या पानांच्या रसात खललेली. सूतशेखरात पारा-गंधकाची कज्जली, ताम्रभस्म, बचनाग आणि धोतऱ्याचे बी, सुवर्णयुक्त असेल तर सोन्याचे भस्मही. दोन्ही पित्तावरचीच औषधे. पण शेजारणीने एक सांगावे आणि आपण दुसरे आणावे, इतका हा फरक किरकोळ नाही. योगराज गुग्गुळ आणि महायोगराज गुग्गुळ यांचेही तसेच. साध्या योगराजात गुग्गुळ आणि वनस्पती. ‘महा’ लागला की शिसे, कथील, चांदी, लोखंड यांची भस्मे आणि रससिंदूर, म्हणजे पुन्हा पारा. गुडघे दुखतात म्हणून वर्षानुवर्षे रोज सकाळ-संध्याकाळ जे पोटात जाते, ते यांतले कोणते हे माहीत नको?

त्रिभुवनकीर्तीबद्दल थोडे जास्त बोलतो, कारण पावसाळ्यात तिचा खप फार. तिच्यात हिंगूळ आहे, म्हणजे पारा आणि गंधकाचे खनिज. बचनागही आहे. बचनाग गोमूत्रात किंवा दुधात शुद्ध करून वापरतात, त्याने विषाची धार बरीच उतरते. नाहीशी होते असे मात्र धरून चालू नका. म्हणून ताप हटत नाही तेव्हा आपल्याच मनाने दोनाच्या चार गोळ्या करू नका. ओठ-जीभ बधिर झाली, हातापायांना मुंग्या आल्या, उलट्या किंवा छातीत धडधड सुरू झाली, तर काढा-लिंबूपाणी करत बसू नका. डबी बरोबर घ्या आणि थेट इस्पितळ गाठा. शिवाय पावसाळ्यातला ताप डेंग्यूचा किंवा मलेरियाचाही असतो. रक्त तपासून घ्यायला गोळी आड येत नाही.

हे रसशास्त्राच्या, म्हणजे धातू-खनिजांपासून औषधे बनवण्याच्या शास्त्राच्या, विरोधात लिहिलेले नाही. शोधन, मारण, पुटे देणे ही कष्टाची, कसबाची कामे आहेत. तयार भस्म पाण्यावर तरंगते का, बोटांच्या रेषांत शिरते का, त्यात धातूची चकाकी उरली का, हे पाहण्याच्या परीक्षा जुन्या ग्रंथांतच सांगितल्या आहेत. पण त्या बनवणाऱ्याने करायच्या. दाबून तयार झालेल्या गोळीकडे पाहून तुम्हा-आम्हाला काही कळत नाही. आपल्या हातात राहते ते परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख पाहणे, पक्के बिल घेणे. दवाखान्यात बरणीतून काढून कागदाच्या पुडीत गोळ्या मिळाल्या, तर ‘वैद्यराज, नाव चिठ्ठीवर लिहून द्या’ म्हणायला संकोच नको. चांगला वैद्य रागावत नाही.

या औषधांत विषारी द्रव्ये असतात, हे कायद्यालाही ठाऊक आहे. औषध नियम, १९४५ यांच्या अनुसूची ई(१) मध्ये पारा, हिंगूळ, हरताळ, बचनाग, धोतरा, कुचला अशा विषारी द्रव्यांची यादीच आहे. ती असलेल्या औषधावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशी सूचना हिंदी आणि इंग्रजीत छापावी लागते. ती दिसली की औषध आपल्या मनाने घ्यायचे नाही. किती, कशाबरोबर आणि मुख्य म्हणजे किती दिवस, हे वैद्यच ठरवील. आरोग्यवर्धिनी वर्ष-वर्ष चालू ठेवणारी माणसे मी पाहिली आहेत. तिच्यातही कज्जली आणि ताम्रभस्म आहे.

गर्भवतींसाठी तर कळकळीने सांगतो. गर्भपाल रस हे नाव ऐकून सासूबाईही निर्धास्त होतात, पण त्याच्या पाठात हिंगूळ आणि नागभस्म आहे. नाग म्हणजे शिसे. न्यूयॉर्क शहरात २०११-१२ मध्ये आयुर्वेदिक औषधे घेणाऱ्या सहा गर्भवतींच्या रक्तात जादा शिसे सापडले होते. शिसे वारेतून बाळापर्यंत पोहोचते. परदेशातल्या लेकीच्या बॅगेत मेतकुटाबरोबर अशा डब्या भरून देऊ नका. आधीच घेऊन झाले असेल, तर घाबरून न जाता डॉक्टरांना सांगा. शिशासाठी रक्ताची तपासणी करता येते.

डॉक्टरांपासून गोळ्या लपवणे हा आपला जुना रोग. ‘आणखी काही घेता का?’ या प्रश्नाला आपण ‘नाही’ म्हणतो, कारण आयुर्वेदिक गोळी औषधात धरलेलीच नसते. थायरॉइडची गोळी चालू असेल आणि वर लोहभस्माचा कल्पही, तर दोन्हींत किती तासांचे अंतर हवे ते विचारा. लोहाने थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही. मूत्रपिंडाचा, यकृताचा त्रास असेल तर धातूचे कोणतेही औषध विचारल्याशिवाय नको. आणि तान्ह्या बाळाला वर्षाच्या आत मधातून काहीही चाटवू नका, मात्रा कितीही सौम्य असो.

शेवटचा मुद्दा बिननावाच्या सांधेदुखीच्या पुड्यांचा. दोन दिवसांत दुखणे गायब, भूक वाढली, चेहरा गरगरीत झाला, साखर चढली, असे झाले तर पुडीत स्टेरॉइड मिसळल्याची शंका घ्या. पुडी जपून ठेवून डॉक्टरांना दाखवा, अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. पण बरेच महिने घेत असाल तर संतापून एका दिवसात सोडू नका. स्टेरॉइड एकदम थांबवले तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावे लागते.