अहवाल ही साक्ष असते

केसांची एक बट तपासून एखादी बाई आई म्हणून लायक आहे की नाही, हे सांगता येईल का? कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात अनेक वर्षे जवळपास तेच चालले होते. टोरांटोच्या ‘हॉस्पिटल फॉर सिक चिल्ड्रन’ या नामांकित बालरुग्णालयात ‘मदरिस्क’ नावाची प्रयोगशाळा होती. पालक दारू पितात का, अमली पदार्थ घेतात का, हे ती केस तपासून सांगायची. बालसंरक्षण संस्था तो अहवाल न्यायालयापुढे ठेवायच्या. २००५ ते २०१५ या काळात या संस्थांच्या सांगण्यावरून सोळा हजारांहून अधिक लोकांचे केस तिथे तपासले गेले.

२०१४ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने याच चाचणीच्या आधारे दोषी ठरलेल्या एका आईची कोकेन प्रकरणातील शिक्षा रद्द केली. मग निवृत्त न्यायमूर्ती सुसान लँग यांनी चौकशी केली आणि डिसेंबर २०१५ मध्ये निष्कर्ष दिला: या चाचण्या न्यायालयात वापरण्याजोग्या नव्हत्या.

चुकले कुठे? विषशास्त्रात तपासणीचे दोन टप्पे असतात. पहिली चाचणी चाळणीसारखी. ती झटपट होते, पण सारख्या रचनेच्या दुसऱ्या पदार्थालाही फसू शकते. म्हणून संशय आला की गॅस क्रोमॅटोग्राफी–मास स्पेक्ट्रोमेट्रीसारख्या नेमक्या पद्धतीने खात्री करायची. २०१० पर्यंत मदरिस्कमधून चाळणीचेच आकडे पक्के निष्कर्ष म्हणून बाहेर पडत होते. दारूच्या चाचणीत तर केसांना लावलेल्या अल्कोहोलयुक्त स्प्रेमुळेही आकडा वाढू शकतो. रुग्णालयात डॉक्टरांसमोर पेशंट असतो, शंका आली तर चाचणी पुन्हा करता येते. न्यायालयात मात्र त्या कागदावर कुणाचे तरी मूल जाते. हा फरक ओळखण्याचे न्यायवैद्यक प्रशिक्षण प्रयोगशाळा चालवणाऱ्यांकडे नव्हते.

पुढे न्यायमूर्ती जुडिथ बीमन यांच्या आयोगाने १,२७१ प्रकरणे तपासली. २०१८ च्या अहवालानुसार त्यांतील ५६ प्रकरणांत या चाचण्यांचा निकालावर ठळक परिणाम झाला होता. दत्तक गेलेली मुले परत मिळणे जवळपास अशक्य होते. भोगणारे बहुतेक गरीब होते. चाचणीला नकार द्यावा तर तोच संशयाचा पुरावा, आणि ‘मोठ्या हॉस्पिटलचा रिपोर्ट’ म्हटल्यावर वकीलही फारसे प्रश्न विचारत नसत.

मित्रांनो, हे सातासमुद्रापारचे म्हणून सोडून देऊ नका. आपल्याकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ प्रमाणे सरकारी वैज्ञानिक तज्ज्ञाचा अहवाल त्याला साक्षीला न बोलावताही पुरावा म्हणून वाचता येतो. न्यायालयाला योग्य वाटले तर ते त्याला बोलावू शकते, पण कुणी तशी मागणी केली नाही तर ते घडेलच असे नाही. व्हिसेराच्या अहवालावर खुनाचा खटला उभा राहतो किंवा कोसळतो. ज्याच्या घरी वकिलाची फी द्यायला पैसे नाहीत, त्याच्या बाजूने ही मागणी कोण करणार?

म्हणून पहिली जबाबदारी सही करणाऱ्याची. कोणती चाचणी केली, खात्री केली की नाही, आकडा दुसऱ्या कशाने येऊ शकतो, आणि यावरून काय सांगता येत नाही, हे अहवालातच स्वच्छ लिहिले पाहिजे. पोलिसांना किंवा संस्थेला काय हवे आहे, याच्याशी त्याचा संबंध नाही.

तुमच्यापैकी कुणी फार्मसी शिकतोय, कुणी केमिस्ट्री, कुणी माझ्यासारखे कोड लिहितो. स्क्रीनवर आलेला आकडा किती ठाम दिसतो, हे आम्हा इंजिनिअरांना रोज दिसते. यंत्र कधीच ‘मला खात्री नाही’ म्हणत नाही. ते वाक्य माणसालाच लिहावे लागते. उद्या तुमच्या सहीने एखादा कागद कोर्टात जाईल, तेव्हा तुम्ही गवाही देत असाल. जेवढे ठाऊक आहे तेवढेच सांगा, आणि जिथे ठाऊक नाही तिथे तसे लिहून मगच सही करा.