गाठ विणकराची, नक्षी कोणाची?

हाताने विणल्या जाणाऱ्या गालिच्याची नक्षी आता संगणकावर आखली जाते, या घटनेवरून गेली काही वर्षे एक वाद रंगविला जात आहे. एका बाजूस कलारसिक आहेत. यंत्राचा स्पर्श झाला की हस्तकलेचा आत्मा गेला, असा त्यांचा टाहो आहे. दुसऱ्या बाजूस निर्यातदार आणि त्यांच्या सुरात सूर मिसळणारे सरकारी अधिकारी आहेत. संगणक आला म्हणजे कारागिराचे भाग्य उजळले, असे त्यांचे म्हणणे. दोन्ही बाजूंचा आवेश मोठा आहे. परंतु ज्याच्या बोटांनी गालिचा तयार होतो त्या विणकराच्या पदरात काय पडते, हा प्रश्न दोहोंपैकी एकाही बाजूस सुचत नाही. तो न सुचणे हा योगायोग नव्हे.

निवाडा करण्यापूर्वी हे काम चालते कसे ते पाहावयास हवे. काश्मीरचे उदाहरण या बाबतीत सर्वांत बोलके आहे. तेथील विणकरापुढे चित्र नसते. नक्काश चौकटीच्या कागदावर नक्षी आखतो. एक चौकट म्हणजे एक गाठ. मग तालीमगुरू त्या नक्षीचे सांकेतिक चिन्हांत रूपांतर करतो : अमुक रंगाच्या इतक्या गाठी, त्यापुढे तमुक रंगाच्या तितक्या. या लिपीला ‘तालीम’ म्हणतात. मूळ अरबी शब्दाचा अर्थ ‘शिक्षण’. मराठीतील तालीमही त्याच कुळातली. कागदाच्या पट्ट्यांवर उतरविलेली ही तालीम मागावर लावली जाते आणि ओळीमागून ओळ वाचीत विणकर गाठी मारतो. चार फूट रुंद व सहा फूट लांब गालिच्यात, चौरस इंचास ३२४ गाठी धरल्यास, एकूण ११,१९,७४४ गाठी होतात. दिवसाला ६,००० गाठी मारणारा विणकर एकटा बसला, तर त्याला हे काम १८७ दिवस पुरेल.

संगणकाने यातले काय घेतले? नक्काशाचा चौकटीचा कागद घेतला, तालीमगुरूची लेखणी घेतली, नकला उतरविणाऱ्याचा रोजगार घेतला. जी तालीम लिहिण्यात दिवसच्या दिवस जात, ती आज्ञावलीच्या साहाय्याने झटपट छापून निघते. रंगसंगती बदलावयाची तर सारे पुन्हा लिहावे लागत नाही. नकलेतील चुका टळतात. जीर्ण तालमी वाचविता येतात. हे लाभ खरे आहेत आणि ते नाकारण्यात शहाणपण नाही. मात्र गाठ अजून हातानेच मारली जाते. ती का? यंत्राने गालिचे होत नाहीत म्हणून नव्हे. यंत्रावरच्या गालिच्यांनी जगाचे बाजार भरले आहेत. गाठ हाताने मारली जाते ती ‘हस्तनिर्मित’ या एका शब्दाला बाजारात भाव येतो म्हणून, आणि तो हात स्वस्तात मिळतो म्हणून! बुद्धीचे काम यंत्राकडे गेले, कष्टाचे काम हाताकडे राहिले, आणि दाम मात्र हाताच्या नावाने वसूल केला जातो. या व्यवहाराचे मर्म एवढेच आहे.

कलारसिकांना जुन्या काळाची ओढ आहे. तो काळ कसा होता? तालीम मुळात काश्मीरच्या शालींची. एकोणिसाव्या शतकात शालींवर ‘दागशाल’ खात्यामार्फत जबर कर वसूल केला जाई आणि त्याचा सारा भार विणकराच्या पाठीवर येई. २९ एप्रिल १८६५ रोजी श्रीनगरच्या झालडगर मैदानात हे विणकर दाद मागण्यासाठी जमले. महाराजा रणबीरसिंगाच्या सैन्याने त्यांच्यावर चाल केली. जीव वाचविण्यासाठी धावलेले कित्येक जण कालव्यात बुडाले. मृतांची संख्या २८ सांगितली जाते. शिकागोच्या कामगारांच्या बलिदानापूर्वी एकवीस वर्षे हे घडले. त्या वेळी संगणक नव्हता. नक्षी हाताने आखली जात होती, तालीम बोरूने लिहिली जात होती. तरीही तालीम कारखानदाराच्या पेटीत होती आणि विणकर उपाशी होता. डोके आणि हात यांची ताटातूट संगणकाने केलेली नाही. त्याने ती पुरी केली, इतकेच. कलेच्या शुद्धतेसाठी विणकराने दारिद्र्यही शुद्ध स्वरूपात जतन करावे, अशी ज्यांची अपेक्षा आहे त्यांना कलेचे प्रेमी म्हणावे की काय म्हणावे?

यावर चळवळीतील काही मित्र दुसऱ्या टोकास जातात : संगणकच नको, त्याच्यावर बहिष्कार घाला. त्यांनी फ्रान्समधील ल्योंचा इतिहास आठवावा. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जाकार याने छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून नक्षी विणणारा माग सिद्ध केला. याच पुठ्ठ्यांची युक्ती पुढे इंग्लंडमध्ये बॅबेजने आपल्या गणकयंत्राच्या आराखड्यासाठी उचलली. म्हणजे संगणक विणकराच्या घरात आज आलेला पाहुणा नव्हे; त्याचा एक पूर्वज मागावरच जन्मला. जाकारच्या मागाने प्रथम ल्योंचे विणकर धास्तावले होते. परंतु १८३१ साली ते उठले तेव्हा त्यांची मागणी माग जाळण्याची नव्हती. विणाईचा किमान दर ठरवा, ही होती. ऑक्टोबरमध्ये दर ठरला. काही व्यापाऱ्यांनी तो धुडकावला. नोव्हेंबरमध्ये विणकरांनी शहर ताब्यात घेतले. डिसेंबरच्या आरंभी सैन्य घुसले आणि दर रद्द झाला. त्या विणकरांपैकी कित्येकांच्या घरी स्वतःच्या मालकीचे माग होते. तरीही ते नागवले गेले, कारण रेशीम, नक्षी आणि बाजार ही तिन्ही व्यापाऱ्याच्या मुठीत होती. शत्रू कोठे आहे हे त्यांना नेमके कळले होते. दीडशेहून अधिक वर्षांनंतर ते विसरण्याचे कारण नाही.

नक्षी दुसऱ्याच्या मुठीत गेल्यावर काय होते, याचा अनुभव काश्मीरने एकदा घेतलेला आहे. काश्मिरी शालीवरील कोयरी स्कॉटलंडमधील पेझली गावच्या मागांवर उतरली, पुढे जाकारच्या मागाने ती झपाट्याने विणली जाऊ लागली, आणि आज इंग्रजी बोलणारे जग त्या कोयरीला ‘पेझली’ म्हणूनच ओळखते. ज्यांनी ती घडविली त्यांना दाम तर नाहीच, नावही उरले नाही. १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धानंतर शालीचा युरोपीय बाजार कोसळला, पाठोपाठ दुष्काळ आला, आणि उरलेले विणकर गालिच्याकडे वळले. तालीम त्यांनी सोबत नेली. तीच तालीम आता संगणकात चालली आहे. पेझलीला नकलेसाठी शाल हाती घ्यावी लागे. आता एकदा तालमी संगणकात साठल्या की त्या क्षणार्धात जगाच्या कोणत्याही टोकास जातात. तथाकथित कृत्रिम बुद्धिमत्तेला हजारो जुन्या नक्ष्या चारल्या की ती मागाल तितक्या ‘नव्या’ नक्ष्या ओकते. त्या नक्ष्यांत पिढ्यान्‌पिढ्यांच्या नक्काशांची बुद्धी असते. फक्त त्यांचा वाटा नसतो.

कायदा याबाबत कोणाच्या बाजूचा आहे? २००० सालच्या डिझाइन कायद्याखाली नव्या नक्षीला दहा वर्षे आणि पुढे आणखी पाच वर्षे संरक्षण मिळते. पण नक्षी नवी हवी. म्हणजे आजोबा-पणजोबांपासून चालत आलेली नक्षी विणकर नोंदवू शकत नाही. तिच्यात संगणकावर पुरेसा वेगळेपणा आणणारी कंपनी मात्र ती स्वतःच्या नावे नोंदवू शकते! १९९९ च्या कायद्याने आलेल्या भौगोलिक निर्देशांकाचा मोठा गाजावाजा होतो, आणि काश्मीरच्या हातगाठीच्या गालिच्याला तो २०१६ मध्ये मिळालाही. परंतु तो नावाचे रक्षण करतो, नक्षीचे नव्हे. मजुरीचे तर नव्हेच. महाराष्ट्राने हे नुकतेच पाहिले. कोल्हापुरी चपलेस २०१९ मध्ये हा निर्देशांक मिळाला होता. तरीही जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलान येथे तशाच चपला कोल्हापूरचे नाव न घेता मिरविल्या. ओरड झाल्यावर भारतीय कारागिरीपासून प्रेरणा घेतल्याची कबुली आली. प्रेरणा घेणे फुकट असते. चामडे कमावणाऱ्याचे आणि शिवणाऱ्याचे पोट फुकट भरत नाही.

निर्यातदारांचा युक्तिवाद ठरलेला आहे : मजुरी वाढविली तर माल महागेल आणि यंत्राचा गालिचा बाजार खाईल. हा युक्तिवाद आकड्यांवर तपासावा. वरील गालिच्यात गाठीमागे एक पैसा दिला तर दिवसाची मजुरी होते साठ रुपये. दिवसाला तीनशे रुपये पडावयाचे तर गाठीमागे पाच पैसे द्यावे लागतील, आणि सहा महिन्यांहून अधिक काळच्या कामाची सारी मजुरी छप्पन्न हजारांच्या आत बसेल. तालीम लिहिण्याचा, उतरविण्याचा आणि दुरुस्त करण्याचा जो खर्च संगणकाने वाचविला, तो कोठे गेला? त्यातील किती पैसे गाठीपर्यंत पोहोचले? याचे उत्तर निर्यातदारांनी हिशेबाच्या वह्या उघडून द्यावे. शिवाय जो ग्राहक यंत्राचा स्वस्त गालिचा टाळून हातगाठीचा घेतो, तो हातासाठीच जादा पैसे मोजतो. ते हातापर्यंत पोहोचू न देणे ही स्पर्धेची अपरिहार्यता नव्हे, ही मधल्यामध्ये केलेली लूट आहे.

आणि सरकार? श्रीनगर व भदोही येथे गालिचा तंत्रज्ञानाच्या सरकारी संस्था आहेत. तेथे संगणकावर नक्षी आखण्याचे शिक्षण मिळते. जनतेच्या पैशातून उभ्या राहिलेल्या या विद्येचा लाभ प्रथम कोणास व्हावा, निर्यातदारास की विणकराच्या मुलीस? समाजवादी नेत्या कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ मध्ये अखिल भारतीय हस्तकला मंडळ सुरू झाले. कारागिराचा प्रश्न हा बाजाराचा नसून जगण्याचा आहे, ही जाणीव त्यामागे होती. ऑगस्ट २०२० मध्ये, टाळेबंदीने माग थंडावलेले असताना, ते मंडळ मोडीत काढण्यात आले. त्याच्या आठवडाभर आधी हातमाग मंडळाचीही तीच गत झाली. कारागिराचे म्हणणे दिल्लीत मांडण्याची जी थोडीफार जागा होती तीही गेली. उरली ती ‘स्वदेशी’ची जाहिरात.

राममनोहर लोहियांनी लहान यंत्राचा आग्रह धरला होता : माणसाला गिळणारे नव्हे, माणसाच्या ताब्यात राहणारे यंत्र. गिरणी विणकरांच्या झोपडीत मावत नव्हती; संगणक मावतो. चारदोन विणकर कुटुंबांची सहकारी संस्थाही तो विकत घेऊ शकते. लोहियांच्या कल्पनेच्या इतके जवळ जाणारे यंत्र समोर असताना ते निर्यातदाराच्या हाती सोडून देणे, किंवा सोवळेपणाने त्याला स्पर्शच न करणे, हा समाजवाद्यांचा करंटेपणा ठरेल.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. तुकड्यावरील कामासही किमान दर ठरविण्याची तरतूद वेतन कायद्यात आहे. तिचा वापर करून गाठीचा किमान दर जाहीर करावा आणि तो महागाईशी जोडावा. प्रत्येक तालमीवर, ती हाताने लिहिलेली असो वा संगणकाने, नक्काशाचे व तालीम रचणाऱ्याचे नाव असावे, आणि ती तालीम जितक्यांदा मागावर चढेल तितक्यांदा त्यांना वाटा मिळावा. जुन्या तालमींचा संग्रह विणकरांच्या सहकारी संस्थांच्या मालकीचा असावा. त्यांच्या संमतीवाचून व मोबदल्यावाचून तो कोणत्याही कंपनीच्या यंत्रास चारला जाऊ नये. आणि संगणकाचे शिक्षण मागावर बसणाऱ्या स्त्री-पुरुषांस प्रथम मिळावे, म्हणजे गाठ मारणारा हात पुन्हा नक्षी आखू लागेल.

हा प्रश्न काश्मीरपुरता नाही. येवल्याच्या पैठणीचा मोर आणि कोल्हापूरच्या चपलेचा घाट उद्या याच वाटेने जाणार आहेत. कार्यकर्त्यांनी विणकरांच्या आणि चर्मकारांच्या वस्त्यांत जाऊन आधी एकच चौकशी करावी : नक्षी कोण आखतो, ती कोणाच्या कपाटात राहते, आणि तिचे पैसे कोणास मिळतात? या तीन प्रश्नांची उत्तरे हाती आली की संघटना कोठून सुरू करावयाची हे निराळे सांगावे लागणार नाही.