जेवणघरांतील चित्रकार

कलावंत म्हटला म्हणजे तो विस्कटलेल्या केसांचा, कर्जबाजारी व संसारास पारखा असावयाचाच, अशी समजूत आमच्या सुशिक्षित घरांतूनहि रूढ आहे. मुलानें चित्रकलेचें नांव काढतांच वडील मंडळींच्या कपाळास आठ्या पडतात त्या यामुळेंच. त्यांतून तो अतिवास्तववादी, म्हणजे स्वप्नांतल्यासारख्या असंभाव्य गोष्टी रंगविणारा असेल, तर मग बोलावयासच नको! या समजुतीस उत्तर म्हणून एक चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

रने माग्रित यांचा जन्म १८९८ सालीं बेल्जममध्यें झाला. ते तेरा वर्षांचे असतांना त्यांच्या आईनें साम्ब्र नदींत जीव दिला. १९२२ सालीं त्यांचा जॉर्जेत यांच्याशीं विवाह झाला. त्या सुमारास ते भिंतींस चिकटवावयाच्या छापील कागदांच्या कारखान्यांत नक्षीकाम करीत. १९२७ सालीं ते पॅरिसजवळ राहावयास गेले व आंद्रे ब्रतों यांच्या अतिवास्तववादी मंडळांत वावरले; परंतु तेथें जम न बसल्यानें १९३० सालीं ब्रुसेल्सला परतले. तेथील जेत या उपनगरांत त्यांनीं चोवीस वर्षें भाड्याच्या घरांत काढलीं. जाहिरातींचीं चित्रें काढून ते पोट भरीत. हें काम त्यांच्या आवडीचें नव्हतें. तरी चूल त्यावरच पेटे. स्वतःचीं चित्रें मात्र ते जेवणघरांत, अंगांत नीटस कोट घालून रंगवीत.

त्या चित्रांतील वस्तु तरी कोणत्या? सफरचंद, टोपी, खिडकी, ढग! १९२९ सालीं त्यांनीं तंबाखू ओढण्याचा एक पाईप हुबेहूब रंगविला व खालीं लिहिलें, ‘हा पाईप नव्हे.’ लोक बुचकळ्यांत पडले. पण चित्रांतील पाईपांत तंबाखू कोणास भरतां येईल? थंड देशांत घराच्या भिंतींतच शेगडी बांधलेली असते. १९३८ च्या एका चित्रांत तिच्यांतून आगगाडीचें इंजिन बाहेर येत आहे. ‘प्रकाशाचें साम्राज्य’ या मालिकेंत खालीं रात्रीचा रस्ता व मिणमिणता दिवा, तर वर भर दिवसाचें निळें आकाश आहे. यांपैकीं १९५४ सालचें एक चित्र २०२४ सालीं न्यूयॉर्क येथें बारा कोटी डॉलरांहून अधिक किंमतीस विकलें गेलें. माग्रित मात्र १९६७ सालींच निवर्तले होते.

यांत अपरिचित अशी वस्तु एकहि नाहीं. अपरिचित आहे ती त्यांची जोडणी. नित्य दिसणाऱ्या वस्तूंकडे आपण पाहावयाचें सोडून देतों. माग्रित यांनीं तें सोडलें नाहीं, आणि त्यासाठीं त्यांस घर सोडावें लागलें नाहीं.

चित्रें काढूं इच्छिणाऱ्या मुलास ‘पोटाचें काय?’ हा प्रश्न वडिलांनीं अवश्य विचारावा. मात्र तेवढ्यावर न थांबतां उत्तर शोधण्यास त्याला साह्यहि करावें, अशी आमची विनंति आहे. जेवणघराचा एक कोपरा मोकळा करून देणें कोणत्याहि घरास जड नाहीं.